आजचं चिंतन : गीता ६.३४ – चंचल मन आणि जाम झालेलं मन



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला ३४ वा. अर्जुन इथे मनाचं वर्णन चार शब्दांत करतो. मन चंचल आहे, घुसळून काढणारं आहे, बलवान आहे आणि दृढ आहे. पहिला शब्द आपल्याला पाठच असतो. एक रील बघायला फोन हातात घेतला आणि तास गेला, हा अनुभव कुणाला नाही? पण चौथ्या शब्दावर फारसं कुणी थांबत नाही. दृढ. मन नुसतं पळत नाही, ते एखाद्या जागी अडकून बसतं आणि मग हलता हलत नाही.

हे दुसऱ्या प्रकारचं मन कसं असतं, ते मी पिशोरला एका जुन्या ट्रॅक्टरपाशी पाहिलं. (पिशोर म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात. मका, कापूस, आल्याचा पट्टा.) ट्रॅक्टरचा सायलेन्सर गंजून फाटला होता आणि तो जिथे इंजिनला जोडतात, तो बिडाचा मॅनिफोल्डही काढायचा होता. मॅनिफोल्ड स्टड आणि नटांनी आवळलेला असतो. नांगरटीला हा भाग काहीशे अंश तापतो, रात्री गार पडतो. वर्षानुवर्षं असंच. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांमध्ये फुगतो आणि नट-स्टड एकजीव होतात. आपल्याला वाटतं, कुणीतरी फार घट्ट आवळलाय. आवळलेला कुणीच नसतो, गंजाने धरलेला असतो.

पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून शेतकरी उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालतात. तरी आतून गंज येतोच. कारण डिझेल जळताना पाणीही तयार होतं, लिटरभर डिझेलमागे जवळजवळ लिटरभर! इंजिन तासन्‌तास चाललं तर त्याची वाफ निघून जाते. पाच मिनिटं चालवून बंद केलं, की ते पाणी आतच राहतं आणि पत्रा खातं. आपली घरची भांडणं आठवा. विषय काढायचा, तापायचं, आणि अर्ध्यातच "जाऊ दे, तुम्हाला नाही कळणार" म्हणून फोन ठेवायचा.

तर, मालकांचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याने पान्यात लांब पाइप घातला आणि सगळं वजन टाकलं. कट्! नट सुटला नाही, स्टड तुटला. मिस्त्री ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, जोर कमी नव्हता. घाई जास्त होती."

पुढचे नट त्यांनी कसे काढले ते बघण्यासारखं होतं. आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवलेलं. सकाळी गॅसच्या ज्योतीने फक्त नट तापवला, म्हणजे तो स्टडपेक्षा जास्त फुगतो आणि मधला गंज तडकतो. थोडं निवू दिलं, पुन्हा तेल. हलक्या हाताने टकटक. बीड ठिसूळ असतं, जोरात घण घातला किंवा तापल्यावर गार पाणी ओतलं तर तडा जातो. मग पाना लावला तो आधी आवळायच्या दिशेला, अगदी किंचित. मग सोडायच्या दिशेला पाव आटा. परत मागे, परत पुढे. तुटलेल्या स्टडच्या बुडख्यावर त्यांनी नवा नट ठेवून वेल्डिंग केलं, आणि त्याच उष्णतेने अडकलेला तुकडा सैल झाला. अख्खा दिवस गेला.

भगवंत याच अध्यायात, २५ व्या श्लोकात, हळूहळू हा शब्द दोनदा वापरतात, आणि बुद्धीला धीराची जोड द्यायला सांगतात. त्याआधी २३ व्या श्लोकात म्हणतात, न कंटाळता करा. गौडपादाचार्यांनी मांडूक्य कारिकेत तर मनोनिग्रहाला दर्भाच्या टोकाने एकेक थेंब काढत समुद्र उपसण्याची उपमा दिली आहे. मला आधी ती अतिशयोक्ती वाटायची. मिस्त्रींचा पाव आटा बघितल्यावर वाटत नाही.

आता थोडं स्पष्ट बोलतो. तुमच्यापैकी कितीतरी जण गाव सोडून पुण्या-मुंबईत आहात, आणि गावी वडिलांशी बोलणं "जेवले का" याच्या पुढे जात नाही. शिक्षण, लग्न, शेत विकायचं की ठेवायचं, काहीतरी कारण झालेलं असतं. मग दिवाळीत एका संध्याकाळी आपण पंधरा वर्षांचा हिशेब काढतो. तेही चिडतात, आणि उरलासुरला संवाद तुटतो. आपण म्हणतो, त्यांचा स्वभावच कठीण. तसं असेलही. पण त्यांच्या वयाकडे बघा, अशा किती दिवाळ्या हातात आहेत?

तेल म्हणजे काय? तर विषय न काढता केलेला फोन. आधी किंचित आवळणं म्हणजे, त्यांचं जे बरोबर होतं ते आधी कबूल करणं. हे आपल्याला सगळ्यात जड जातं, म्हणून तर साधना. (जिथे मारहाण आहे, जीवाला भीती आहे, तिथे हे लागू करू नका. सडलेला पत्रा मिस्त्रीही कापूनच टाकतात.)

श्लोक ३५ मध्ये देव अर्जुनाचं म्हणणं खोडत नाहीत, आधी मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य सांगतात. त्यातलं वैराग्य उद्या घेऊ. आज रात्री घरी फोन कराल तर यंदा मक्याला काय भाव लागला, तेवढं विचारा, आणि ते सांगतील ते पूर्ण ऐका.

राम कृष्ण हरी.