अवयव, अवयवी आणि एक जुने वर्कस्टेशन

एखाद्या वस्तूचे सर्व अवयव क्रमाक्रमाने बदलले गेले, तर शेवटी उरते ती तीच वस्तू की दुसरी, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने विचारला, तर मिलिंदपञ्हात भदंत नागसेनांनी मिलिंद राजापुढे रथाचे उदाहरण ठेवून ‘वस्तू’ म्हणजे काय, या मूळ मुद्द्यालाच हात घातला. जहाजाची कोणती फळी केव्हा बदलली, याची नोंद कोणापाशी नसते. परंतु ज्या संगणकप्रणालीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे, तिच्यातील बदल ते करणाऱ्याच्या नावासह वर्षानुवर्षे नोंदले जातात आणि त्यामुळे हा प्रश्न तिच्या बाबतीत प्रत्यक्ष पुराव्यानिशी तपासता येतो.

१९९३ साली सुरू झालेली नेटबीएसडी ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली अशा तपासणीस विशेष योग्य आहे, कारण सन मायक्रोसिस्टिम्सने १९८९ मध्ये बाजारात आणलेल्या स्पार्कस्टेशन १ सारख्या, उत्पादन केव्हाच थांबलेल्या वर्कस्टेशनांसाठीही तिच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आहेत. अशी आवृत्ती म्हणजे एकच एक वस्तू नसून संचांचा समूह असतो. यंत्रसामग्री आणि कार्यक्रम यांच्यामध्ये उभा राहणारा गाभा, म्हणजे कर्नल, एका संचात असतो. प्रणाली किमान चालण्यासाठी लागणारी साधने ‘बेस’ या संचात, भाषांतरक म्हणजे कंपायलर ‘कॉम्प’मध्ये, माहितीची पाने ‘मॅन’मध्ये, तर खेळ आणि खिडक्यांची दृश्यप्रणाली आणखी निराळ्या संचांत असतात. या सर्वांसोबत पडताळणीचे आकडे दिलेले असतात, जेणेकरून एक अक्षर जरी बदलले तरी ते लगेच उघडकीस यावे.

या यादीकडे नागसेनांच्या दृष्टीने पाहिले, तर कर्नल म्हणजे नेटबीएसडी नव्हे, बेस म्हणजे नेटबीएसडी नव्हे आणि सर्व संचांची नुसती रासही नेटबीएसडी नव्हे. ते केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव ठरते. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य होणार नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांत समवाय संबंधाने राहणारी संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून भिन्न आणि खरी असते, कारण जे कार्य संपूर्ण वस्तू करते ते सुटे अवयव करू शकत नाहीत. मात्र एक धागा तुटला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे वस्त्र उत्पन्न होते, असेही त्यांना मानावे लागते; त्यामुळे संपूर्ण वस्तूचे खरेपण टिकते, पण बदलातून जाणारे तिचे ‘तेच’पण हातून निसटते.

या प्रणालीचा पूर्वेतिहास ही अडचण अधिकच ठळक करतो. एटी अँड टीच्या युनिक्सवर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जे काम झाले, त्यातून मूळ कंपनीचा मजकूर वगळण्यासाठी अनेक स्वयंसेवकांनी एकेक साधन नव्याने लिहून काढले आणि १९९१ मध्ये ‘नेटवर्किंग रिलीज २’ प्रसिद्ध झाली, तेव्हा कर्नलमधील केवळ सहा फायली वगळाव्या लागल्या होत्या. पुढे न्यायालयीन वाद उद्भवला आणि १९९४ च्या तडजोडीनुसार सुमारे १८,००० फायलींपैकी ३ काढून टाकायच्या व ७० फायलींवर स्वामित्वाची सूचना घालायची, असे ठरले. कायद्याने मालकीचा हिशेब अवयवागणिक केला; तरीही परंपरा खंडित झाली, असे त्या परंपरेत काम करणाऱ्यांपैकी कोणी मानले नाही.

येथे बौद्धांचा संतान हा विचार अधिक उपयोगी वाटतो. वस्तू क्षणोक्षणी नवी असली, तरी मागचा क्षण पुढच्या क्षणाचे कारण होत जातो आणि दिव्याच्या ज्योतीप्रमाणे त्या प्रवाहालाच आपण ‘तीच’ म्हणतो. परंतु प्रवाहाला फाटा फुटला म्हणजे हे उत्तरही अपुरे पडते. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून ओपनबीएसडी वेगळी झाली. दोन्ही प्रवाह एकाच उगमाशी कार्यकारणभावाने जोडलेले आहेत, तेव्हा केवळ कार्यकारणभाव कोणत्या प्रवाहाला कोणते नाव शोभते, हे सांगू शकत नाही.

आवृत्तीसोबतच्या स्थापनेच्या सूचनांमध्ये या कोड्याचा एक धागा सापडतो. ‘एट्सी’ या संचात यंत्राची घडण ठरवणाऱ्या फायली असतात: यंत्राचे नाव, त्याचे वापरकर्ते, त्याने कोणत्या सेवा सुरू ठेवायच्या याचे निर्णय. प्रणाली प्रथमच बसवताना हा संच अनिवार्य असतो; पण जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाताना तो तसाच वर टाकू नये, असे बजावलेले असते. याचा अर्थ असा की कर्नलपासून खेळांपर्यंत सर्व काही बदलले तरी चालते, परंतु या एका यंत्राबाबत त्याच्या सांभाळणाऱ्याने घेतलेले निर्णय पुसले जाता कामा नयेत. स्पार्कस्टेशनच्या आत बॅटरीसह बसवलेली एक स्मृतिचिप असते आणि यंत्राचा ओळखक्रमांक व नेटवर्कवरील पत्ता तिच्यात राहतो. ती बॅटरी संपली की यंत्र सुरू होताना ओळखीची माहिती अवैध असल्याचे सांगते आणि कोणाला तरी ‘ओके’ या सूचकापुढे ते आकडे हाताने पुन्हा भरावे लागतात. यंत्राची ओळख त्याच्या धातूत नसते. ती राखणारा कोणीतरी असावा लागतो.

आवृत्तीच्या पातळीवरही हेच दिसते. नव्या कर्नलमध्ये पूर्वीच्या आवृत्त्यांसाठी, आणि स्पार्क यंत्रांवर खुद्द सनच्या सनओएस या प्रणालीसाठी, तयार केलेले कार्यक्रम चालावेत म्हणून जुन्या पद्धती स्वीकारण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. आजच्या कर्त्याने कालच्या कर्त्याचा शब्द पाळावा, अशी ती व्यवस्था आहे. याउलट ओपनबीएसडीने २०१६ मधील ५.९ या आवृत्तीनंतर ३२-बिट स्पार्कचा पाठिंबा थांबवला, तेव्हा त्या यंत्रांचा एकही अवयव बदलला नव्हता, तरीही त्यांच्यापुरता तो प्रवाह संपला. अवयव तेच असूनही सातत्य तुटू शकते आणि अवयव बदलूनही ते टिकू शकते, ही दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे सातत्याचे मूळ अवयवांत शोधणे व्यर्थ ठरते.

म्हणून नागसेन आणि नैयायिक या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असले, तरी मानवी कृतींच्या बाबतीत निर्णायक ठरते ती तिसरीच गोष्ट: पूर्वसूरींनी दिलेल्या वचनाचे दायित्व पुढच्यांनी जाणूनबुजून स्वीकारणे. ‘तीच वस्तू’ हे केवळ वर्णन नसते, तर ते कर्तव्याचे विधान असते. आणि एखादी परंपरा, मग ती संगणकाची असो वा विचाराची, तिच्यासाठी उत्तरदायी राहण्यास कोणीतरी तयार असेपर्यंतच खऱ्या अर्थाने तीच राहते.