अटीवर मिळालेले देवत्व

२८ मे २००८ रोजी नेपाळच्या संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजसत्ता रद्द केली आणि शाह घराण्याची २४० वर्षांची राजवट संपली. हा राजा इतर राजांसारखा नव्हता. तो विष्णूचा अवतार मानला जाई. बुढानीलकंठ येथे शेषावर पहुडलेल्या विष्णूचे दर्शन राजाने घ्यायचे नाही, कारण स्वतःचेच रूप पाहिले तर त्याला मरण येईल, अशी समजूत होती. असा राजा लोकांनी खाली उतरवला, तेव्हा लोक आधुनिक झाले, श्रद्धा विरली आणि म्हणून सिंहासन कोसळले, असा अर्थ पुष्कळांनी काढला. मला हे स्पष्टीकरण चुकीचे वाटते. २००१च्या जनगणनेत नेपाळमध्ये हिंदूंचे प्रमाण ८०.६ टक्के होते आणि २०११मध्ये ते ८१.३ टक्के होते. जनगणना श्रद्धेची खोली मोजत नाही, हे खरे. पण ज्या दशकात राजा गेला त्या दशकात लोकांनी धर्म टाकल्याची कसलीही खूण दिसत नाही. मग श्रद्धा शाबूत असताना अवतार पायउतार कसा झाला? माझे म्हणणे असे की ते देवत्व मुळातच अटीवर दिलेले होते. अट मोडली आणि देवत्व गेले.

मनुस्मृतीचा सातवा अध्याय याविरुद्ध पुढे केला जाईल. राजा आठ देवांच्या अंशांतून घडला आहे, तो बालक असला तरी त्याचा अवमान करू नये, असे तिथे आहे. मात्र परंपरेत हा एकच आवाज नाही. महाभारताच्या शांतिपर्वात वेन राजाची कथा येते. तो अधर्माने वागू लागला तेव्हा ऋषींनी मंतरलेल्या दर्भांनी त्याला ठार केले आणि त्याच्या देहाच्या मंथनातून पृथू उत्पन्न केला. पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. पृथूकडून आधी रक्षणाची प्रतिज्ञा घेतली गेली आणि त्यानंतर विष्णू त्याच्या देहात शिरला. यावर कोणी म्हणेल की वेनाला ऋषींनी मारले, प्रजेने नाही, तेव्हा यातून लोकांच्या हाती काही येत नाही. पण अनुशासनपर्व त्याही पुढे जाते. रक्षण करीन असे म्हणून जो राजा रक्षण करत नाही, त्याला प्रजेने एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारावे, असे तिथे सांगितले आहे. बौद्धांच्या अग्गञ्ञ सुत्तात तर पहिला राजा लोकांनीच निवडला आणि कामाचा मोबदला म्हणून त्याला भाताचा वाटा दिला. ज्या बुद्धाच्या तोंडी हे सुत्त आहे त्याचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळमध्येच आहे.

नेपाळी माणूस हे ग्रंथ उशाशी घेऊन रस्त्यावर उतरला, असे मी म्हणत नाही. पण ग्रंथांतला हा विचार लोकांच्या राजाकडे पाहण्याच्या रीतीत मुरलेला होता, हे घटनांवरून दिसते. १९९०च्या जनआंदोलनात राजा वीरेंद्र यांनी पक्षांवरची बंदी उठवली, सार्वभौमत्व जनतेचे असल्याचे संविधानात मान्य केले, आणि लोकांनी त्यांना मानाने ठेवले. त्याच संविधानाने नेपाळला हिंदू राज्य म्हटले होते. फेब्रुवारी १९९६मध्ये माओवाद्यांचे सशस्त्र युद्ध सुरू झाले, तरी सिंहासन टिकून होते. १ जून २००१च्या रात्री राजवाड्यात गोळीबार झाला आणि वीरेंद्र यांच्यासह राजघराण्यातील दहा जणांचे प्राण गेले. अधिकृत चौकशीने ज्याच्यावर ठपका ठेवला तो युवराज दीपेंद्र बेशुद्धावस्थेतच राजा घोषित झाला आणि तीन दिवस राजा राहिला. अवतार म्हणून ज्याला हात जोडायचे तोच पितृहत्येचा आरोपी, आणि तोही शुद्धीवर नाही! वीरेंद्र यांच्या मृत्यूनंतर कट्टोचा विधी झाला. मृत राजाचा पोशाख चढवलेल्या ब्राह्मणाला जेवू घालून हत्तीवरून काठमांडूच्या खोऱ्याबाहेर पाठवण्यात आले, म्हणजे मृताचे अशुभ त्याच्यासोबत निघून जावे. राजाच्या अंगी देव असतो तसे दूर न्यावे लागणारे अशुभही असते, हे खुद्द धर्मविधीच मान्य करत होता. त्या रात्रीचे अधिकृत वृत्त असंख्य लोकांना पटले नाही, आणि नवे राजे ज्ञानेंद्र यांच्यावरचा संशय कधी फिटला नाही. १ फेब्रुवारी २००५ रोजी ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हाती घेतली, नेत्यांना अटकेत टाकले, दूरध्वनी बंद पाडले. रक्षणकर्त्यानेच सैन्य प्रजेवर घातले. एप्रिल २००६मध्ये एकोणीस दिवस माणसे संचारबंदी मोडून रस्त्यावर उतरली आणि राजाला संसद परत द्यावी लागली.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो असा: हे सगळे भूक, जमीन आणि बंदुकीचे राजकारण होते, त्यात धर्म कशाला आणता? खेड्यांतले दारिद्र्य, जमिनीची विषम वाटणी, जनजातींची आणि तराईतल्या मधेशींची उपेक्षा ही कारणे मी नाकारत नाही. त्यांच्यावाचून क्रांती झालीच नसती. पण या व्यथा १९९०मध्येही होत्या, आणि तेव्हा राजा राहिला. दारिद्र्याने लोक का उठले ते कळते. त्यांचा रोष मंत्र्यांवर न थांबता सिंहासनापर्यंत का गेला, हे त्याने कळत नाही. ते समजायला २००१ आणि २००५ या दोन वर्षांकडेच जावे लागते.

राजाची सत्ता गेल्यावर त्याचे धार्मिक अधिकार संपले नाहीत, ते हस्तांतरित झाले. पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८मध्ये इंद्रजात्रेच्या दिवशी काठमांडू जिंकून जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या कुमारीच्या हातून टिळा लावून घेतला, असे सांगतात. २००७मध्ये तोच टिळा पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांच्या कपाळी लागला आणि पुढे राष्ट्रपती कुमारीकडे जाऊ लागले. २००८मध्ये माओवादी सरकारने इंद्रजात्रेतील बळींच्या खर्चाला कात्री लावली तेव्हा काठमांडूतले नेवार रस्त्यावर आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. राजा नको म्हणणारे शहर जत्रा मात्र सोडायला तयार नव्हते.

याहून जड परिणाम दुसरीकडे आहे. राजाच्या नावाने चालणारी एक मोठी उतरंड होती. १८५४च्या मुलुकी ऐन या कायदेसंहितेने जनतेची तागाधारी (जानवे घालणारे), मतवाली (मद्य पिणारे), पाणी न चालणारे अशी विभागणी केली आणि जातीनुसार शिक्षा ठरवल्या. १९६३च्या नव्या ऐनाने त्या शिक्षा रद्द केल्या, २००६मध्ये संसदेने देश अस्पृश्यतामुक्त जाहीर केला, २०११मध्ये कडक कायदा झाला. तरीही २०२०मध्ये पश्चिम रुकुममध्ये वरच्या जातीतील प्रेयसीला आणायला गेलेला दलित तरुण आणि त्याचे साथीदार, असे सहा जण जमावाच्या हल्ल्यानंतर मृत्युमुखी पडले. राजाच्या पवित्रतेला रक्षणाची अट होती, म्हणून ती काढून घेता आली. जातींच्या उच्चनीचतेला अशी अट प्रत्यक्षात लावली गेली नव्हती. वरच्या जातीने अमुक कर्तव्य केले नाही तर तिचे श्रेष्ठत्व संपेल, असे म्हणत वेनाची कथा तिला व्यवहारात कोणी लागू केली नाही. म्हणून सिंहासन एका मतदानाने गेले आणि पाणवठ्यावरची शिवाशिव उरली. २०१५च्या संविधानाने संसदेत स्त्रियांना ३३ टक्के जागा दिल्या, पण मुलाला नागरिकत्व देण्याचा आईचा हक्क बापाच्या बरोबरीचा केला नाही. तिथेही जन्म आणि वंश यांचाच धाक दिसतो.

आता राजभक्तांचा आक्षेप. मार्च २०२५मध्ये काठमांडूत राजा परत आणा म्हणत मोठी निदर्शने झाली आणि त्यांत दोघांचा बळी गेला. लोकांना राजा हवाच होता याचा हा पुरावा नाही का? त्यांच्या तक्रारीत एक भाग रास्त आहे. १८ मे २००६ रोजी धर्मनिरपेक्षतेची घोषणा संसदेने परस्पर केली, जनमत घेतले नाही, आणि २०१५च्या संविधानाला सनातन काळापासूनच्या धर्माचे रक्षण अशी तिची व्याख्या जोडावी लागली. पण निदर्शकांच्या घोषणांत ज्ञानेंद्र यांच्या स्तुतीइतकाच भ्रष्ट पक्षांवरचा राग होता. सप्टेंबर २०२५मध्ये तरुणांनी त्याच रागातून सरकार पाडले, तेव्हा त्यांनी राजवाड्याकडे धाव घेतली नाही, माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांना हंगामी पंतप्रधान म्हणून पुढे आणले. रक्षण केले नाही तर पद गेले, ही जुनी अट त्यांनी या वेळी निवडून आलेल्या पंतप्रधानाला लावली.