पहारेकरी कुठे उभा करायचा?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधले सतरावे कलम वाचताना एका जागी अडखळायला होते. विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करावेत, असे त्यात म्हटले आहे आणि लगोलग उदाहरणे दिली आहेत: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. पहिली दोन परीक्षेच्या खोलीतली, तिसरे विषय गाळण्याचे. अभ्यासक्रम बदलायचा म्हणजे वर्गात, पुस्तक उघडल्यावर, नेमके काय करायचे याचे उदाहरण एकही नाही. कायद्याने धडा शिकवून दाखवावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण आपल्या शाळांनी आणि मंडळांनी कलमाचा अर्थ त्या उदाहरणांपुरताच घेतला, हे मात्र खरे. दहावीला अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभवाचा एक विषय घेण्याची मुभा महाराष्ट्रात मिळत आली आहे. ती मुभा मोलाची आहे, तिने पुष्कळ मुलांची वाट मोकळी केली. पण ज्या मुलाला बोलता येत नाही, पेन्सिल धरता येत नाही, ज्याची बौद्धिक अक्षमता तीव्र आहे, त्याला या सवलतीचा काय उपयोग? सवलत प्रश्नपत्रिकेपाशी सुरू होते, आणि हे मूल तिथवर कधी पोचतच नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात, कारण सरकारी कागदांत त्या एकाच पिशवीत पडतात. पुणे अंधशाळा 1934 पासून चालू आहे. अंध मुलासाठी ब्रेल आले, उठावाचे नकाशे आले, ध्वनिमुद्रित पुस्तके आली. धडा तोच राहिला, फक्त डोळ्यांऐवजी बोटांनी वाचला गेला. त्यातही झगडा होताच, अजूनही आहे, पण तो वाट काढून देण्याचा झगडा आहे. तीव्र बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या बाबतीत नुसती वाट पुरत नाही. धड्यातल्या सोळा गोष्टींपैकी पंधरा बाजूला ठेवाव्या लागतात. आणि पंधरा बाजूला ठेवायच्या, तर सोळावी कोणती, हे ठरवणे भाग पडते. माझ्या मते अभ्यासक्रमाचे अनुकूलन म्हणजे ही निवड. चित्रे मोठी करणे, वाक्ये लहान करणे, रंगीत कार्डे कापणे ही सगळी नंतरची कामे.

ही निवड आजवर टाळली गेली, त्यालाही इतिहास आहे. कामायनीसारखी शाळा पुण्यात 1964 मध्ये सुरू झाली, तेव्हा अशा मुलाला नियमित शाळेत कोणी उभेही करत नव्हते. साहजिकच विशेष शाळांनी आपला अभ्यास स्वतः घडवला आणि तो जेवणे, कपडे घालणे, शौचाचे सांगणे, पैसे ओळखणे, पुढे कार्यशाळेत मेणबत्त्या किंवा पाकिटे करणे असा बेतला. अमेरिकेत 1976 मध्ये लू ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचाराला नेमके रूप दिले: मोठेपणी चार माणसांत राहायला जे लागेल, ते शिकवा. त्या काळी हा विचार क्रांतिकारक होता, कारण त्याआधी वीस वर्षांच्या तरुणालाही ‘मानसिक वय तीन’ म्हणून रंगीत खुंट्या भोकांत खुपसायला बसवत. पण प्रत्येक क्रांतीची पुढे यादी होते. बटण लावता येत नाही म्हणून बटण, पुढच्या वर्षी तेच बटण, बारा वर्षे बटणच. डायान ब्राउडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अशा मुलांच्या वाचनावरचे 128 अभ्यास तपासले. त्यांतले बहुतेक पाहताक्षणी शब्द ओळखण्यापुरतेच थांबलेले होते. गोष्ट ऐकून समजते का, हे फारसे कोणी विचारलेच नव्हते. ‘या मुलांना कळत नाही’ हे विधान बऱ्याच अंशी ‘आम्ही विचारले नाही’ या पायावर उभे होते.

एक इयत्ता आणि एक धडा घेऊन पाहू. महाराष्ट्रात पन्नासहून अधिक वर्षे चौथीचा इतिहास म्हणजे शिवचरित्र. समजा, चौथीच्या वर्गात शब्द जवळजवळ नसलेले, हात नीट न वळणारे एक मूल आहे आणि धडा किल्ल्यांचा आहे. प्रचलित उपाय ठाऊक आहे: त्याला महाराजांच्या चित्राची बाह्यरेषा द्यायची, मावशींनी त्याचा हात धरून भगवा रंग भरून घ्यायचा आणि ‘वर्गासोबत सहभाग’ असे नोंदवायचे. विषय तोच, शिकणे शून्य. रंगवण्याचा आणि इतिहासाचा संबंध कागदावरच्या चित्रापुरता आहे, आणि खरे म्हणजे रंगही मावशींनीच भरला आहे. आता तोच धडा गाभ्यापासून धरा. सनावळी, किल्ल्यांची नावे, तहांची कलमे बाजूला ठेवली, तर किल्ल्याच्या धड्यात उरते ते हे: उंच आणि अवघड जागा राखणाऱ्याच्या बाजूने असते. पुण्यात या कल्पनेसाठी साहित्य विकत आणायची गरज नाही. दिवाळीत वाड्यावाड्यांत आणि सोसायट्यांच्या जिन्यांखाली मुले मातीचा किल्ला करतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात. तसा एक किल्ला वर्गात करायचा. मुलाच्या हातात पहारेकरी द्यायचा आणि विचारायचे, याला कुठे उभा करू या, खाली खड्ड्यात की वर बुरुजावर? हात पोचत नसेल तर दोन जागा दाखवायच्या आणि नजर कुठे थांबते ते पाहायचे. एकदा वर ठेवला म्हणजे कळले असे नाही. तो योगायोग असेल, उजव्या बाजूची सवय असेल. म्हणून शत्रूचे घोडे किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला न्यायचे आणि पुन्हा विचारायचे. पहारेकऱ्याचे तोंड तिकडे वळले, तर कल्पना पोचली. दुसऱ्या दिवशी वेगळ्या आकाराच्या किल्ल्यावर हेच करून पाहायचे. शेजारच्या बाकावर बाकीची मुले सिंहगडाचा नकाशा वाचत असतील, दोन्ही बाकांवर इतिहासच चालू असेल.

शेजारच्या बाकाचा उल्लेख मुद्दाम केला. एकाच कल्पनेचे असे चढते टप्पे लावले, तर ज्याला दिव्यांगत्वाचा दाखला नाही पण सनावळीत जो हरवतो, अशा मुलालाही कुठेतरी पाय टेकता येतो. अपूर्णांकाचेही तसेच. पोळीचे दोन तुकडे दोघांना सारखे मिळाले की नाही, ही तक्रार नजरेने करू शकणारे मूल ‘अर्धा’ या कल्पनेच्या उंबरठ्यावर असते. छेद आणि अंश हे शब्द त्याला कधीच आले नाहीत तरी.

यावर पहिला आक्षेप पालकांचा असतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याला स्वतः जेवता येत नाही, त्याला किल्ल्यांचा काय उपयोग? आमच्यानंतर याचे कसे होणार, हा प्रश्न त्यामागे आहे, आणि दिवसातले तास मोजकेच आहेत. पण हा आक्षेप घेताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: किल्ला शिकवला तर जेवण शिकवायचे राहील. शाळेचा दिवस खरा कसा जातो ते पाहिले तर तास सहसा वाट पाहण्यात, बसून राहण्यात आणि पाठ झालेलेच पुन्हा करण्यात जातात. दोनांपैकी एक निवडणे, ‘नको’ म्हणणे, दुसऱ्याने दाखवलेल्या वस्तूकडे पाहणे ही जगण्यातली सर्वांत उपयोगी कौशल्ये आहेत. ती ताट-वाटीवर शिकता येतात, तशीच बुरुजावरही, आणि बुरुजावर निदान निवडण्याजोगे काही असते. दुसरे असे की इतर मुलांची उपयुक्तता आपण अशी तपासत नाही. पुण्यातल्या किती प्रौढांना चौथीतला इतिहास रोजच्या कामात लागतो? लागत नाही, तरी तो आपला आहे, गणपतीत आणि दिवाळीत तो आपल्या बोलण्यात येतो. हा सामायिक ठेवा एकाच मुलाला का नाकारायचा, याचे उत्तर नाकारणाऱ्याने द्यायला हवे. ॲन डोनेलन यांनी 1984 मध्ये एक कसोटी मांडली: पुरावा अपुरा असेल तेव्हा तेच गृहीत धरा, जे चुकीचे ठरले तरी मुलाचे कमीत कमी नुकसान होईल. मूल शिकू शकते असे मानून आपण चुकलो, तर काही तास वाया गेले. शिकू शकत नाही असे मानून चुकलो, तर आयुष्य गेले.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण तो माझ्याच बाजूच्या लोकांवर आहे. गाभा गाभा म्हणत शेवटी सगळेच ‘साध्य’ होते! मुलाने एक चित्र चाचपले की ‘नकाशावाचन: साध्य’. पायाभूत साक्षरतेच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या तक्त्यात आणि अध्ययन निष्पत्तींच्या रकान्यात खूण करण्याची घाई आपल्या शाळांना नवी नाही. अमेरिकेने याचा धडा गिरवला आहे. तिथे 1997 च्या कायद्याने तीव्र अक्षमता असलेल्या मुलांसाठी पर्यायी मूल्यमापन बंधनकारक झाले. अनेक राज्यांत शिक्षक वर्षभर फायली भरू लागले आणि गुण मुलाच्या शिकण्याला मिळतात की शिक्षकाच्या फायलीला, असा वाद उभा राहिला. पुढे 2015 च्या कायद्याने पर्यायी परीक्षा देणाऱ्यांची संख्या एकूण विद्यार्थ्यांच्या 1 टक्क्यावर रोखली, कारण अवघड मुले त्या दारातून बाहेर काढण्याचा मोह शाळांना होत होता. म्हणून अट हवी: निष्पत्ती लहान करा, खोटी करू नका. हात धरून केलेली कृती मोजायची नाही. एकाच किल्ल्यावरचे उत्तर मोजायचे नाही. आणि मुलाने काय केले हे वाक्यात लिहायचे, ‘साध्य’ या शब्दात नव्हे.

शिक्षक कुठून आणायचे, हा तिसरा प्रश्न व्यवहाराचा आहे, त्याचे उत्तरही व्यवहाराचेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते पाळायला हवे, एवढेच. शिक्षणहक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. कुटुंबाने मागितला तर तो हक्क आहे. शिक्षक नाही म्हणून शाळेने सुचवला, तर पटावर नाव ठेवून मुलाला घरी पाठवण्याची ती सभ्य तऱ्हा ठरते.

मात्र विशेष शिक्षक आले तरी सोळावी गोष्ट एकट्याने निवडण्याचा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. इतिहासाच्या धड्याचा गाभा काय, हे मुळात इतिहासाच्या जाणकाराने सांगायचे आहे. तो गाभा हातात कसा द्यायचा, हे विशेष शिक्षकाने. ही दोन माणसे राज्यात कुठे भेटू शकत असतील तर ती पुण्यात. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, सदाशिव पेठेत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, शिवाजीनगरला परीक्षा मंडळ, चर्च रोडवर दिव्यांग कल्याण आयुक्तालय. रिक्षाने सगळे एका सकाळीत होते. पण पहिली तीन शालेय शिक्षण विभागाची, चौथे 2022 मध्ये स्वतंत्र झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाचे, आणि विशेष शाळांचा संसार त्या चौथ्याकडे. याच विभागाने बौद्धिक अक्षम मुलांच्या विशेष शाळांसाठी मुंबईच्या जय वकील संस्थेचा ‘दिशा’ अभ्यासक्रम हाती घेतला. प्रत्येक शाळा आपापल्या अंदाजाने शिकवत होती, त्यापेक्षा हे शंभरपट बरे. मला धास्ती आहे ती एवढीच की चांगला वेगळा अभ्यासक्रम मिळाल्यावर, मूळ पाठ्यपुस्तक या मुलांचेही आहे, हे म्हणायची गरज कोणाला वाटणार नाही. पाठ्यपुस्तकाच्या धड्याखाली स्वाध्याय असतो. तो लिहिला जात असताना विषय समितीच्या टेबलापाशी एक विशेष शिक्षिका बसलेली असावी आणि तिने विचारावे, या धड्यातली एकच गोष्ट ठेवायची झाली तर कोणती? पहिली अडचण बहुधा विषयतज्ज्ञालाच येईल.