पाचवं कारण

मार्च 2023मध्ये सांगलीत पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली आणि कल्याणची वैष्णवी पाटील सांगलीच्या प्रतीक्षा बागडीकडून हरली. 2025मध्ये हीच वैष्णवी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत 65 किलो गटात भारताकडून उतरली. हरलेल्या पहिलवानाचे पाठीराखे नशिबाला बोल लावतात आणि जिंकलेल्याचे मेहनतीचे गोडवे गातात, हे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जत्रांचे फड पाहणाऱ्यांना नवं नाही. पण एका क्षणात निकाल लावणाऱ्या खेळात दैवाचा वाटा खरोखर असतो का? माझं मत असं, की असतो. मात्र आपण तो भलत्याच ठिकाणी शोधतो. तो ठोशात किंवा डावात कमी सापडतो. लढत कोणाला मिळाली, कधी मिळाली आणि निकाल कोणी दिला, यात तो फार जास्त असतो.

हेवीवेट मुष्टियुद्धाचं उदाहरण घ्यावं, कारण तिथे शंभर किलोच्या माणसाचा एक ठोसा आधीच्या दहा फेऱ्या पुसून टाकतो. 1936मध्ये मॅक्स श्मेलिंगने तोवर अजिंक्य असलेल्या जो लुईला बाराव्या फेरीत आडवं केलं. जगाला तो चमत्कार वाटला. श्मेलिंगने मात्र लुईच्या लढती बारकाईने पाहून ठेवल्या होत्या: डावा ठोसा मारल्यावर लुईचा हात खाली येतो आणि त्या फटीतून उजवा ठोसा घुसू शकतो. प्रेक्षकांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला नशीब म्हटलं. फेब्रुवारी 1990मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या फेरीत पाडलं, त्याआधी सट्टेवाले टायसनच्या बाजूने बेचाळीसास एक असा भाव देत होते. पण ज्यांनी ती लढत पाहिली त्यांना माहीत आहे, की डग्लस पहिल्या फेरीपासून लांब हाताने टायसनला दूर ठेवत होता. ठोसा अचानक दिसला, तरी त्यामागची तयारी अचानक नव्हती. याच लढतीत आठव्या फेरीत डग्लस स्वतः पडला होता आणि पंचाची मोजणी घड्याळापेक्षा हळू चालली, असा आक्षेप टायसनच्या गोटाने घेतला. नशिबाचा धागा शोधायचाच, तर तो डग्लसच्या मुठीपेक्षा पंचाच्या मोजणीत शोधावा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: पुन्हा लढवा, म्हणजे खरं-खोटं कळेल. हासिम रहमानने एप्रिल 2001मध्ये लेनॉक्स लुईसला पाचव्या फेरीत झोपवलं आणि नोव्हेंबरमध्ये लुईसने त्याला चौथ्या फेरीत झोपवलं. म्हणजे पहिला निकाल नशिबाचा, असा हिशेब. हा हिशेब मला पटत नाही. दुसऱ्या लढतीत पहिल्याच लढतीतली माणसं उतरत नाहीत. 1938मध्ये जो लुईने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवलं ते आधीच्या हारेतून शिकून. अँडी रुईझ 2019च्या जूनमध्ये बदली खेळाडू म्हणून आला आणि त्याने अँथनी जोशुआला हरवलं. डिसेंबरमध्ये तो आणखी जड होऊन रिंगमध्ये आला आणि गुणांवर हरला. दुसऱ्या निकालाने पहिला खोटा ठरत नाही. फेरलढतीने दैव मोजता येत नाही. तिचा उपयोग दुसरा आहे: एका दिवसाच्या निकालाला आयुष्यभराचा निकाल होऊ न देणं.

आपल्या परंपरेने हा प्रश्न बराच बारकाईने हाताळला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत आणि दैव त्यांत पाचवं आहे. ते वगळलेलं नाही आणि पहिलंही मानलेलं नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना थेट विचारतो, की दैव श्रेष्ठ की पुरुषकार. उत्तरात दैवाला बीज आणि पुरुषकाराला शेत म्हटलं आहे. योगवासिष्ठ याहून कडक: त्याच्या मते दैव म्हणजे आपलाच आधीचा प्रयत्न. भाविक वाचक इथे मला अडवतील, की मग हारही पूर्वकर्माचीच. तत्त्व म्हणून ते मानायला हरकत नाही, पण त्याने कुठलीच विशिष्ट हार समजत नाही. जे उत्तर जिंकणाऱ्याला, हरणाऱ्याला आणि पंचालाही सारखंच लागू पडतं, ते कुस्तीबद्दल काही सांगत नाही. शिवाय त्याचा एक वाईट परिणाम होतो: अन्याय झालेल्यालाच दोषी ठरवलं जातं.

खाशाबा जाधवांकडे पाहिलं की हे लख्ख दिसतं. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने मागे पडल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निवड चाचणीत उतरले आणि प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवलं. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952च्या त्या स्पर्धेत जपानच्या इशीशी दीर्घ लढत होताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी उतरावं लागलं. नियमाने मिळायची विश्रांती मिळाली नाही, कारण ती मागायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता. खर्डेकरांसारखा माणूस भेटणं याला मी दैव म्हणेन. विश्रांती न मिळणं याला म्हणणार नाही. तो निष्काळजीपणा होता. फेब्रुवारी 2025मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत शिवराज राक्षेला चितपट दिलं गेलं, त्याने पाठ टेकलीच नसल्याचा दावा करत पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण पराभूत मल्लाला जागच्या जागी दाद मागता येईल अशी चोख सोय असती, तर वाद कॅमेऱ्यापुढे मिटला असता.

म्हणून जत्रेच्या फडांच्या आयोजकांना एक विनंती. नारळावरची कुस्ती असो की गदेची, दोन कुस्त्यांमध्ये पहिलवानाला पुरेशी विश्रांती द्या, पंच बाहेरच्या गावचा नेमा आणि निकालाचं चित्रण दोन्ही बाजूंना दाखवा. यासाठी फार पैसा लागत नाही. एवढं केल्यावरही जे उरेल, ते खुशाल दैवाच्या नावावर लिहा.