कथा कोणाची, पाणी कोणाचे?

बोलणारे यंत्र आले, लिहिणारे यंत्र आले, आणि त्याला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असे भारदस्त नावही मिळाले. बुद्धी आली की तिच्यामागोमाग विवेकाचा प्रश्न येतोच. या यंत्राला विवेक कोणी शिकवायचा? बहुतेक जण सांगतात, तज्ज्ञांनी, कायद्याने, किंवा मोठ्या कंपन्यांनी नेमलेल्या समित्यांनी. मी हैदराबादेत राहणारा मराठी माणूस. या प्रश्नाचा विचार करताना माझे लक्ष मात्र वारंवार जाते ते येथून तीनशे किलोमीटरवरच्या आदिलाबादच्या डोंगरांकडे.

त्याला कारण आहे. २०२५ साली केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' ही भाषांतर करणारी यंत्रणा प्रायोगिक स्वरूपात खुली केली. संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषांपासून तिची सुरुवात झाली. दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने झालेल्या या कामात हैदराबादची ट्रिपल आयटीही सहभागी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक होते, तरी ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. अशा भाषेला यंत्राचे दार उघडावे, यात आनंदच आहे. दवाखान्यात बसलेल्या गोंड आजीला गोळी केव्हा घ्यायची हे तिच्या भाषेत कळले, तर ते पुण्याचेच काम.

पण यंत्र भाषा शिकते ते माणसांनी आधी बोललेल्या, लिहिलेल्या मजकुरावर. मराठीची वर्तमानपत्रे आहेत, ग्रंथ आहेत. गोंडीचे भांडार अजून बरेचसे लोकांच्या ओठांवर आहे. म्हणजे यंत्राला शिकवायचे तर पाड्यावर जाऊन माणसांना बोलते करावे लागणार. तेथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. जे बोलले गेले, ते मग कोणाचे?

हा प्रश्न आदिलाबादला नवा नाही. १९४० साली कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. गोंड पेटून का उठले, हे जाणून घेण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले, आणि गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. आपले सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. हायमेनडॉर्फ यांनी गोंडांवर जीव लावला यात शंका नाही; त्यांच्या पत्नीची समाधी मार्लवाईलाच आहे. तरीही त्यांनी काढलेली छायाचित्रे, चित्रफिती आणि टिपणे यांचा संग्रह आज लंडनच्या 'सोआस' या विद्यापीठात आहे. गोळा करणारा कितीही मायाळू असो, गोळा झालेले कोठे राहणार आणि त्याची किल्ली कोणाकडे असणार, हा प्रश्न त्याच्या मायेने सुटत नाही.

गोंड समाजाने मात्र या प्रश्नाला स्वतःपुरते एक उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे प्रधान. प्रधान हे गोंडांचे परंपरागत भाट. पेर्सापेनच्या, म्हणजे कुलदेवाच्या उत्सवात आणि मृताच्या विधीत ते किकरी वाजवून कुळाच्या उत्पत्तीची कथा गातात. आपल्या वाचकांना नवल वाटेल, पण आदिलाबादच्या या प्रधानांची घरातली भाषा मराठी. घरी मराठी बोलणारा माणूस दुसऱ्याच्या कुळाची आठवण त्याच्या गोंडीत सांभाळतो!

या व्यवस्थेचे तीन विशेष मला महत्त्वाचे वाटतात. प्रधानाला कथा पाठ असते, पण ती त्याची नसते. ती यजमान कुळाची असते. तो ती गातो त्या कुळातल्या माणसांच्या समोर, त्यामुळे चुकला तर टोकणारे समोरच बसलेले असतात. आणि या सांभाळण्याबद्दल त्याला धान्याचा, जनावराचा, कापडाचा वाटा मिळतो, तो हक्काने. कथा, कथेचे धनी आणि कथेचा राखणदार अशी ही तिघांची गाठ आहे.

आता यंत्राकडे पाहा. त्याच्याजवळही लाखो माणसांची आठवण आहे. पण त्याला यजमान नाही. त्याने कोणाची कथा उचलली, हे त्याला सांगता येत नाही. चुकले तर टोकणारा समोर नाही, आणि ज्यांच्या बोलण्यावर ते शहाणे झाले त्यांच्या घरी वाटा पोचत नाही. यंत्र प्रधानापेक्षा हुशार असेलही. प्रधानाच्या अंगी असलेली बांधिलकी त्याच्यात कोणी घातलेली नाही, एवढेच.

कोणी म्हणेल, ही जुन्याची भाबडी आरती झाली. आक्षेप रास्त आहे. प्रधानाला गोंडांनी आपल्या बरोबरीचे मानले नाही. व्यवस्थेत वाटा होता तशी उतरंडही होती. ती उतरंड परत आणावी असे कोणीही म्हणणार नाही. पण माठ फुटका म्हणून आतले पाणी खोटे ठरत नाही. धनी कोण हे ठाऊक असणे, त्याच्यासमोर उभे राहणे आणि त्याचा वाटा देणे, या तीन गोष्टी उतरंडीशिवायही पाळता येतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी ते करून दाखवले आहे. 'ते हिकू मीडिया' या त्यांच्या नभोवाणी संस्थेने २०१८ मध्ये लोकांकडून काही दिवसांतच तीनशेहून अधिक तासांचे माओरी बोलणे गोळा केले आणि त्यावर आपले यंत्र शिकवले. तो साठा त्यांनी बड्या कंपन्यांना विकला नाही. आम्ही मालक नाही, राखणदार आहोत, अशीच त्यांची भूमिका राहिली. आपला २०२३ चा विदा-संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. कुळाच्या, गावाच्या सामायिक आठवणीला त्यात जागा नाही.

हे झाले आठवणीचे. यंत्राला दुसरीही भूक आहे, ती विजेची आणि पाण्याची. ही यंत्रे जेथे ठेवतात ती डेटा सेंटरे तापतात, आणि पुष्कळ ठिकाणी ती पाण्याने थंड करावी लागतात. अमेझॉनची अशी केंद्रे हैदराबाद परिसरात २०२२ पासून चालू आहेत, मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी येथली आपली योजना जाहीर केली. ज्या तेलंगणात ही केंद्रे उभी राहत आहेत, तो तलावांचा प्रदेश आहे. जुन्या गावात तलावाचे पाणी सोडायला 'नीरडी' असे. मोरी केव्हा उघडायची, कोणाच्या शेताची पाळी केव्हा, हे तो पाही. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याला धान्य मिळे, आपल्याकडच्या बलुत्यासारखे. पाणी आटले की मोठ्या शेतकऱ्यालाही थांबावे लागे, निदान रीत तशी होती. यंत्राच्या दाराशी असा नीरडी कोण? उन्हाळ्यात तलावाचा तळ दिसू लागला की यंत्राची पाळी कितवी, हे ठरवणारा कोणी तरी गावाचा माणूस असला पाहिजे.

हा सगळा आदिवासींचा प्रश्न, आपला काय संबंध, असे सीमाभागातल्या वाचकाने म्हणू नये. बिदर-उदगीरकडे 'काय करूलालास?' असे विचारतात. पुस्तकी मराठीवर वाढलेले यंत्र या वाक्याला अशुद्ध ठरवून दुरुस्त करील, आणि आपली नातवंडे त्या दुरुस्तीवर विश्वास ठेवतील. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी असे जगणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे आहे. कोणीतरी दूरचा माणूस आपले बोलणे कोणते ते ठरवतो, आणि आपल्याला विचारत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. यंत्राला नीती शिकवायची तर विद्यापीठांबरोबर पाड्यावरही गुरू शोधावेत. गोंडी शिकणाऱ्या यंत्राची परीक्षा गोंडांसमोर व्हावी, चूक दाखवण्याचा आणि नको म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा, आणि जे मिळेल त्यात त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा. प्रधान कथा गायला बसतो तेव्हा कथेचे धनी समोर बसलेले असतात. यंत्रासमोर ती बैठक अजून रिकामी आहे.