उपवासाला बिडी चालते का?

आषाढी एकादशी जवळ आली की मच्छे गावाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून कारखान्यातली पोरं मलाच विचारतात, "मामा, बिडी म्हणजे नुसतं पान आणि तंबाखू. त्यात धान्य कुठलं? उपवासाला चालतीय न्हवं?" सिगारेट कागदाची, केमिकलची, ती त्या दिवशी बंद. बिडी आपल्या मातीतली, म्हणून ती सोवळी, असा त्यांचा हिशेब.

या मातीची आब मी जाणतो. माझं आजोळ निपाणीकडचं. जरद्याच्या पैशावर तिथं लग्नं झाली, घरं उभी राहिली. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या हाकेसरशी शेतकरी हमरस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही गेले. पिकवणाऱ्याला मी कधीच दोष देणार नाही. पण पीक आपलं आहे म्हणून त्याचा धूर पवित्र होत नाही.

तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही. बिडी सारखी विझायला बघते, म्हणून माणूस भराभर, छाती भरून ओढतो. तंबाखू सिगारेटच्या जेमतेम पाव हिस्सा, तरी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच, पुष्कळदा जास्तच. मुंबईत हजारो माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवून पाहिलं, तेव्हाही बिडीवाल्यांचा मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा कमी निघाला नाही. सुटी तंबाखू हातानं वळून ओढली तरी सुटका नाही. पान जळलं की विष तयार होतंच.

मग कुणीतरी शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलिमीची कथा काढतो. त्या कथेत जानकीराम सोनारानं विस्तव नाकारला आणि चिलीम विस्तवावाचून पेटली. भक्तानं त्यातून महाराजांचा अधिकार ओळखावा. आपल्या तलफेला त्यांची साक्ष काढणं ही भक्ती नव्हे.

शिवाय हा प्रश्न एकट्या ओढणाऱ्याचा नाही. निपाणीच्या वखारीत तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्या. धूळ पदरातूनही आत जायची, खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. कुणालाही दुखवू नये हा ज्याचा धर्म, त्यानं बिडीच्या कट्ट्याला हात घालताना त्या बायांचाही विचार करावा.

बिडीत पाप कमी की सिगारेटीत, असं विचारणारं मन परवानगी शोधत असतं. एकादशी त्या मनाला आवरण्यासाठीच आहे. पोटात अन्न नाही आणि हात काडेपेटी चाचपतोय, तर सुटलं काय?

म्हणून पोरांना मी स्पष्ट सांगतो, चालत नाही. पण बाबांनो, दिवसभर भूक सोसायचं बळ तुमच्यात आहे. त्याच बळावर तलफही सोसेल. एकादशीला सुरुवात करा. द्वादशीचं पारणं अन्नानं करा, बिडीनं नको.