नवसाला जामीनदार लागत नाही

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो अमेरिकेत काढला. एक जण डन्जन मास्टर होतो, म्हणजे गोष्टीतलं सगळं जग तो चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि पेच आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्यात वॉरलॉक नावाचं एक पात्र घेता येतं. जादूगार पुस्तकं वाचून जादू शिकतो, वॉरलॉकला ती कुणाकडून तरी मिळते. हा 'कुणीतरी' म्हणजे त्याचा पॅट्रन. तो परीलोकातला एखादा सरदार असेल, नरकातला सैतान असेल, नाहीतर माणसाच्या डोक्यात मावणार नाही अशी एखादी आदिम शक्ती असेल. पॅट्रन ताकद देतो आणि वॉरलॉक त्याचं देणं लागतो.

पुस्तकात हे सगळं फार गूढ करून लिहिलेलं असतं. पण मी कोडोलीची. एका अंगाला जोतिबाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वारणा नदी. चैत्रात सासनकाठ्या डोंगराकडे निघाल्या की रस्ते गुलालानं रंगतात. इथं वरच्या शक्तीशी संपर्क कसा करायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कौल लावतात, नवस बोलतात, कुणाच्या अंगात येतं. आमच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा एकानं वॉरलॉक घेतला, तेव्हा डन्जन मास्टरनं दहा मिनिटं करार समजावून सांगितला. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, "म्हंजे यानं नवस बोललाय व्हय?" विषय संपला. पुढं खेळ नीट चालला, पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला. नवस आणि हा करार एकच असेल, तर दोन्हींना एकच कसोटी लावता आली पाहिजे.

आधी कौल घेऊ, कारण तो सोपा आहे. मूर्तीला ओली फुलं, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं आधी पडलं तर साधारणपणे होकार, डावीकडचं पडलं तर नकार. दक्षिण महाराष्ट्रात, कोकणात, गोव्यात याच्या कितीतरी पद्धती आहेत. आता खेळातला 'कम्यून' हा मंत्र बघा. देवाला तीन प्रश्न विचारता येतात, तेही हो किंवा नाही अशी उत्तरं येतील असेच. 'ऑगरी' या मंत्राला चारच उत्तरं आहेत: भलं होईल, वाईट होईल, दोन्ही होईल, किंवा काहीच नाही. मला सगळ्यात आवडतो तो यातला पुढचा नियम. २०१४ च्या नियमांत नीट विश्रांती न घेता तोच मंत्र पुन्हा पुन्हा टाकला, तर दरवेळी २५ टक्क्यांनी शक्यता वाढत जायची की आलेलं उत्तर निव्वळ अंदाधुंद असेल. म्हणजे मनासारखा कौल येईपर्यंत कौल लावत राहणाऱ्या माणसाला खेळानं बरोबर ओळखलंय.

कौलात नैतिक अडचण फारशी नाही, असं माझं मत आहे. प्रश्न माणूस ठरवतो आणि उत्तर आल्यावर पाऊलही माणूसच उचलतो. विहीर इथं खणू का, असं विचारलं आणि पाणी लागलं नाही, तर खड्डा आपल्याच रानात राहतो. जबाबदारी देवावर ढकलायचा मोह होतो खरा, पण बिल आपल्याच नावावर येतं.

नवसाचं तसं नाही. नवसाची क्रियापदं ऐका. नवस बोलतात, नवस फेडतात, नवस चुकला तर घाबरतात. फेडणं हा शब्द आपण कर्जासाठी वापरतो. देव 'पावतो', मग आपण 'फेडतो'. कौल हाही मुळात अरबीतून आलेला शब्द, अर्थ वचन. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार सवलतीच्या अटी लिहून द्यायचं, त्या कागदाला कौलनामा म्हणत. आपली भाषा देवाशी बोलतानाही व्यवहाराचीच आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. तुकोबांसारख्या संतांनी नवसावर कडक टीका केली ती देवाशी सौदा करण्याबद्दल. माझा मुद्दा त्याच्या शेजारचा आहे. सौदा करा हवं तर, पण त्यात देणार कोण आहे?

आमच्या भागात पतसंस्था आणि सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. कर्ज काढायला गेलं की जामीनदार आणा म्हणतात. जामीनदाराला स्वतः यावं लागतं, सही करावी लागते. सही करताना तो दहा वेळा विचार करतो, आणि पुष्कळदा सरळ नाही म्हणतो. नवसाला अशी सही लागत नाही. बोलणारा एक आणि फेडणारा दुसरा, असा नवस कुणीही, कुणाच्याही नावावर, देवळाच्या पायरीवर उभं राहून बोलू शकतो.

ही गोष्ट फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मणात राजा हरिश्चंद्राची कथा येते. त्याला मूल नव्हतं. त्यानं वरुणाला सांगितलं, मुलगा दे, त्याचाच बळी तुला देतो. मुलगा झाला, नाव रोहित. वरुण मागायला आला, तेव्हा राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत. मग म्हणाला दात येऊ देत, मग दात पडू देत, मग पुन्हा येऊ देत, मग शस्त्र धरता येऊ दे. शेवटी पोराला कळलं तेव्हा ते धनुष्य घेऊन रानात निघून गेलं. इकडे राजाला जलोदर झाला. काही वर्षांनी रानात रोहितला अजीगर्त नावाचा उपाशी ऋषी भेटला. त्याला तीन मुलगे होते. थोरला बाप देईना, धाकटा आई देईना. मधला शुनःशेप १०० गाईंना विकला गेला. त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होईना, तर बापानं आणखी १०० गाई घेऊन बांधला, आणि आणखी १०० घेऊन सुरी परजली.

इथं देणं कसं सरकत गेलं बघा. बोलला राजा, फेडायचं राजपुत्रानं, आणि प्रत्यक्षात खांबाला बांधला गेला तो एका गरिबाचा मधला मुलगा. या करारावर त्याची सही कुठंच नव्हती.

हे फक्त पुराणापुरतं असतं तर मी लिहिलंच नसतं. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर भागातून सौंदत्तीला रेणुकेच्या यात्रेला गाड्या भरून माणसं जातात. बहुतेकांची श्रद्धा साधी असते. पण याच देवीच्या नावानं पिढ्यानपिढ्या पोरी 'देवाला सोडल्या' गेल्या. घरात आजारपण आलं, मुलगा होईना, पोरीच्या केसांत जट झाली, की बोलणं व्हायचं आणि लहान मुलीच्या गळ्यात मोत्यांची माळ बांधली जायची. मग तिचं लग्न नाही. पुढच्या आयुष्यात जोगवा, आणि पुष्कळजणींच्या वाट्याला शोषण. यातल्या बहुतेक मुली गरीब, दलित घरांतल्या होत्या. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात १९८२ मध्ये झाला, महाराष्ट्राचा निर्मूलन कायदा २००५ चा आहे. एकाच गोष्टीसाठी सत्तर वर्षांत इतके कायदे करावे लागले, यावरूनच कळतं की ही गाठ किती घट्ट होती.

कुणी म्हणेल, देवीनंच मागितली, माणसानं काय करावं? पण जट म्हणजे गुंतलेले केस. तो देवीचा निरोप आहे, असा अर्थ घरातलं किंवा गावातलं कुणीतरी माणूसच लावतं. आणि तो अर्थ घरात ज्याचा आवाज सगळ्यात बारीक आहे, त्याच्यावरच नेमका येऊन पडतो. कर्त्या पुरुषानं उरलेलं आयुष्य जोगवा मागावा, असा निरोप देवी क्वचितच पाठवते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आईबाप मुलांसाठी नवस बोलतात ते प्रेमापोटी. आमच्या घरीही माझ्या दुखण्यात आजीनं नवस बोलला होता. मी बरी झाले आणि ती अनवाणी डोंगर चढली. आई म्हणते, पायाला फोड आले होते. या नवसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण तो माझ्यासाठी होता, माझ्या नावावर नव्हता. चालायचं तिनं होतं आणि ती चालली. मुलाला डोंगरावर नेऊन जावळ काढलं, त्याच्याइतका गूळ वाटला, तरी बिघडत नाही. केस परत येतात. पण जे परत येत नाही, ते दुसऱ्याच्या अंगातून काढून द्यायचा हक्क प्रेमालाही नाही.

देवळाबाहेरही हेच चालतं. "हिला डॉक्टर करीन" असं बाप भावकीत बोलून बसतो, आणि फेडायला पोरगी कोट्याला जाते.

खेळात हा प्रश्न आम्ही पुढं सोडवला. आमच्या वॉरलॉकनं एकदा पॅट्रनकडे मोठी ताकद मागितली आणि बदल्यात गटातल्या दुसऱ्या पात्राचा आत्मा देऊ केला. ते पात्र माझं होतं. डन्जन मास्टरनं खेळ थांबवला आणि मला विचारलं, चालेल का? मी नाही म्हटलं. मग वॉरलॉकला स्वतःचं काहीतरी द्यावं लागलं, आणि त्यानं स्वतःच्या आईची आठवण दिली. त्या रात्रीची ती सगळ्यात चांगली खेळी होती. विचारायला लागलेला वेळ होता अर्धा मिनिट.

शुनःशेपाला कुणी विचारलं नव्हतं. खांबाला बांधलेला असताना त्यानं स्वतःच एकेका देवाची प्रार्थना केली, एकेक पाश सुटत गेला, आणि राजाही बरा झाला. मग अजीगर्त पुढं आला आणि म्हणाला, चल बाळा घरी. शुनःशेप गेला नाही. तो विश्वामित्राचा मुलगा झाला.